शेवटच्या कार्यक्रमाची लेक

फ्रिजवर ठेवलेला फोन थरथरला आणि त्याला टेकलेला चमच्यांचा डबा खुळखुळला. दुपारचे अडीच. मी होते तिथेच, एक पाय उचललेला तसाच ठेवून, आतल्या खोलीकडे कान लावून उभी राहिले. पाच वर्षांची माझी मुलगी आत्ता कुठे झोपली होती. तिला आम्ही भुंगा म्हणतो. जागी असली की सतत काहीतरी गुणगुणत असते, आणि कच्च्या झोपेतून उठवलं की चावते.

चावायला कोणी आलं नाही. मी श्वास सोडला.

सकाळी आठ ते एक मी दातांच्या लॅबमध्ये असते. दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पाठवतात, त्यावरून आम्ही कवळ्या बनवतो. एकला सुटायचं, शाळेतून भुंग्याला घ्यायचं, भरवायचं, गोष्ट सांगायची, गोष्टीतल्या सशाचं पुढे काय झालं याची उलटतपासणी द्यायची, आणि मग जो तास उरतो तो माझा. त्या तासात मी फोन मुका करते. तो चमच्यांना टेकवायचा नाही, एवढं मात्र मला अजून जमलेलं नाही.

संदेश टेपमास्तरांचा होता.

तेवीस जणांचा आमचा एक ग्रुप आहे, 'जुनं सिमेंट' नावाचा. वर्षातून चार-पाच वेळा कोणीतरी त्यात जुना फोटो टाकतं, सगळे आपापल्या गेलेल्या केसांबद्दल हळहळतात, आणि पुन्हा सामसूम. आज मात्र मास्तरांनी लिहिलं होतं :

'मंडळी, वाईट बातमी. शेवटच्या कार्यक्रमाची आई गेली. बुरशीने खाल्लं. दोन लेकींपैकी एक परदेशात घर बदलताना हरवली, दुसरीचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. कोणाकडे एखादी नात, पणती, काहीही असेल तर कळवा. कितीही खरखर असली तरी चालेल. नाहीतर तो कार्यक्रम झालाच नाही असं समजायचं.'

परक्या माणसाने वाचलं तर त्याला वाटेल, कोणाच्या घरी केवढं आक्रीत घडलं. आम्हाला ते नुसतं वाचूनच कळतं. मास्तर कॅसेटींबद्दल बोलत होते.

खाली लगेच माझ्या जुन्या मैत्रिणीचं, टाचणीचं, उत्तर आलं होतं. 'दुसरी आमच्या उशीकडे होती. मशीनने खाल्ली बिचारीची! महिनाभर तोंड उतरवून फिरत होती. आठवतं का गं, उशे?'

उशी म्हणजे मी.

मी फोन पालथा ठेवला. मग उठून कपाट उघडलं. सगळ्यात वरच्या फळीवर, मी आता कधीच घालणार नाही अशा जाड निळ्या स्वेटरच्या बाहीत हात घातला. कॅसेट होती तिथेच होती. तिला मशीनने कधी खाल्लं नव्हतं.

*

'ओलं सिमेंट' हा आमच्या शहरातला बँड. त्या काळात दूरदेशीच्या बँडांची लाट आली होती. ढगळ चौकडीचे शर्ट घातलेली, केस न विंचरलेली माणसं. आधी स्वतःशी पुटपुटल्यासारखं गायची आणि मग एकदम सगळी गिटारं अंगावर सोडायची. मोठ्या रेडिओंवर ते लागत नसे. लग्नात वाजत नसे. दुकानात मागितलं तर दुकानदार आपल्याकडे असं बघायचा की जणू आपण मागच्या दाराने आलोय. त्यांचं बघून आमच्याकडेही चार जण उठले आणि आपल्याच भाषेत तसं गायला लागले. प्रेमाबिमाचं कमीच. बंद पडलेल्या कारखान्याचं कुंपण, भाड्याच्या खोलीतली ओल, बापाशी तीन वर्षं न बोललेला मुलगा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे लोक आमच्या जिन्याखाली राहतात की काय.

ऐकवलं टाचणीने. ती काडीसारखी किडकिडीत, आणि जीभ अशी की येता-जाता टोचायची. माझ्यावर तिचे टोमणे उमटत नसत, सगळे आत शोषले जात, म्हणून मी उशी. कॉलेजच्या ग्रंथालयामागे एक गंजका लोखंडी जिना होता. त्याच्या चौथ्या पायरीवर बसून आम्ही एका वॉकमनचा एक कान ती, एक कान मी असं ऐकायचो. माझ्या कानातली तार तिच्या हनुवटीखालून जायची, त्यामुळे ती मान हलवायला लागली की माझी पण हलायची.

"गाणाऱ्याकडे लक्ष देऊ नकोस," ती सांगायची. "तो रडतोय, रडू दे. खाली बास काय करतोय ते ऐक, तो जाड घुमणारा सूर. गाणं तिथे राहतं."

"मला बास ऐकूच येत नाही."

"येईल. आधी सगळ्यांनाच नुसता माणूस ऐकू येतो."

आणि एके दिवशी आला. चष्मा पुसल्यावर समोरच्या झाडाला एकदम पानं फुटावीत तसा. मी ओरडलेच, आणि ती अशी हसली, जणू तो तिने स्वतःच्या हाताने तिथे ठेवला होता. आजही कुठलं गाणं लागलं तरी मी आधी खालीच ऐकते. माझ्या नवऱ्याला हे काही केल्या समजत नाही.

ओल्या सिमेंटची एकही कॅसेट बाजारात आली नाही. जे होतं ते सगळं टेपमास्तरांचं. ते कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. तेव्हा तिशीचे असतील, आम्हाला म्हातारे वाटायचे. झाडूच्या दांड्याला दोन माईक बांधून ते हॉलच्या बरोबर मध्यभागी पुतळ्यासारखे उभे राहत. शेजारी कोणी खोकलं तर त्याला डोळ्यांनी जाळत. जी मूळ टेप व्हायची ती आई. तिच्यावरून फक्त दोन प्रती निघत, त्या लेकी. लेक ज्याला मिळाली त्याने तिच्यावरून दोघांना नाती करून द्यायच्या, नात मिळालेल्याने पणत्या. दर पिढीला खरखर वाढायची. पणतीत तर गाणं धो-धो नळाखाली चालू असल्यासारखं यायचं. पणतीच्या पुढे जायचं नाही, आणि मिळालेली टेप पुढे दिल्याशिवाय राहायचं नाही, हे दोन नियम. मास्तरांकडे एक लांबट वही होती. तिच्यात कुठली लेक कोणाकडे, तिच्या नाती कोणाकडे, सगळं फांद्या काढून लिहिलेलं. माझ्या खापरपणजोबांचं नाव मला आजही माहीत नाही, पण सभागृहातल्या दुसऱ्या कार्यक्रमाची पणती कोणाच्या घरी नांदली ते मी झोपेतही सांगेन.

त्या दिवसांचं मला आता काय आठवतं? नवीन कॅसेटच्या पातळ कागदाचा वास. पेन्सिल घालून रीळ गुंडाळताना होणारी कुरकुर. आणि एवढ्या मोठ्या शहरात आपण जेमतेम साठ-सत्तर जण आहोत, समोरून येणाऱ्या अनोळखी पोराच्या बॅगेवर सिमेंटच्या गोणीचं चित्र दिसलं की दोघांनीही न हसता फक्त भुवई उचलायची, याचं केवढं सुख होतं ते. आता वाटलं तर जगातलं कुठलंही गाणं फोनमध्ये आहे. मी सकाळी मेणात दात बसवताना ऐकतेही. पण भुवई उचलायला समोर कोणी नसतं.

*

शेवटचा कार्यक्रम कॉलेजच्या जेवणघरात, एका रविवारी दुपारी झाला. तो शेवटचा आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात टाचणीच्या आईचं ऑपरेशन होतं. दवाखान्यात जाता जाता ती आमच्या दारात थांबली आणि माझ्या दोन्ही दंडांना धरून म्हणाली, "एकेक गोष्ट नीट ऐक. मला सगळं सांगायचंय तुला."

त्या दिवशी त्यांनी एक नवीन गाणं म्हटलं. त्याला नावही नव्हतं. गाणारा म्हणाला, "हे अजून ओलंच आहे, पाय देऊ नका," आणि सुरू केलं. पुन्हा ते कधीच कुठे वाजलं नाही. महिन्याभरात ड्रमवाला नोकरीसाठी बाहेरगावी गेला, दोन भाऊ होते ते भांडले, संपलं.

आणि त्या कार्यक्रमाची एक लेक, मास्तरांकडून मला मिळालेली पहिली आणि शेवटची लेक, त्यांनी माझ्या हातात ठेवली. वहीत माझ्या नावाखाली दोन फांद्या काढल्या. पहिल्या फांदीवर टाचणी.

चौथ्या दिवशी ती आली. तिची आई दवाखान्यातून घरी आली होती, धोका टळला होता. हातात कोरी कॅसेट, अजून कागदसुद्धा न फाडलेली. आमच्याकडे दोन खोल्यांत सात माणसं. मी दारातच उभी होते.

"आण," ती म्हणाली. "आज रात्रभर ऐकणार आहे."

आणि मी म्हणाले, "मशीनने खाल्ली."

मी हे आधी ठरवलं नव्हतं. शप्पथ. वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मीसुद्धा ते पहिल्यांदाच ऐकत होते. तिने कोरी कॅसेट खिशात टाकली. मग तिने मला जवळ घेतलं. मला! आणि दुसऱ्या दिवशी स्वतःकडची मे महिन्याच्या कार्यक्रमाची लेक, तिची जीव की प्राण असलेली, माझ्या हातात कोंबून गेली. "माझी ऐकून पाठ झालीय. तू ठेव." मास्तरांनी वहीत माझ्या दोन्ही फांद्यांवर फुली मारली. पहिली लेक मिळालेला मुलगा ती घेऊन परदेशी निघून गेला होता, आणि दोन लेकी काढल्यावर आई पुन्हा मशीनला लावायची नाही, हा मास्तरांचा हट्ट.

ते गाणं ती पुढे कितीतरी वेळा मागायची. "गुणगुण ना गं एकदा." मग मी गुणगुणायचे. माझ्याकडे टेप असून मी तिला तोंडाने गाऊन दाखवायचे. घरात एकटी अशी मी कधी नसायचेच, त्यामुळे मला स्वतःलाही ती नीट ऐकता आली नाही. मोजून तीन वेळा ऐकली असेल, तीही दाराच्या फटीत खरीखुरी उशी कोंबून. लग्न झालं तेव्हा ती स्वेटरच्या बाहीत बसून या घरी आली.

का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. भांडी घासताना, बसच्या रांगेत, भुंग्याला पाजताना. कधी वाटतं, सात जणांच्या घरात माझी अशी एकही वस्तू नव्हती म्हणून. कधी वाटतं, टाचणीला सगळं माझ्याआधी कळायचं, हे एक तरी माझ्याआधी कळू नये म्हणून. प्रत्येक कारण दुपारी खरं वाटतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं.

*

शनिवारी नवऱ्याने माझा जुना वॉकमन उघडला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे अडकलेली कुठलीही गोष्ट बघितली की त्याचे हात शिवशिवतात. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता. त्याने तो काडीने खरवडला, टेप जिथे घासून वाजते ते हेड स्पिरिटने पुसलं, कुठूनतरी मिळवलेला नवीन पट्टा चढवला. तेवढ्या वेळात मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे चोरीचा माल आहे," तो म्हणाला.

"चोरीचा कसा? माझीच आहे."

"स्वतःचीच वस्तू अठरा वर्षं स्वेटरमध्ये लपवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहतोय."

त्याने एक कान स्वतःला लावला, दुसरा मला दिला आणि बटण दाबलं. आधी हॉलमधला गलका, कोणीतरी स्टूल ओढलं, आणि मग ते पुटपुटणं. माझ्या हाताला स्पिरिटचा वास येत होता आणि मी डोळे मिटून जेवणघरात उभी होते. पायाखाली चिकट फरशी, पुढच्या मुलाच्या मानेवरचा घाम, खिडकीतून आडवं आलेलं ऊन. नंतर सगळी गिटारं एकदम.

"आधी पुटपुटतात, मग ओरडतात," नवरा म्हणाला. "आमच्या साहेबांसारखं."

"गप्प बस ना जरा."

"मी बोललो कुठे? ते बोलतायत." पण तो शेवटपर्यंत ऐकत बसला. मग म्हणाला, "हे बघ, सोपं आहे. सांग, खाल्लीच होती, पण मी आता जोडली. मास्तर खूश, टाचणीबाई खूश. माझंही नाव होईल. खरं सांगून कोणाचं भलं होणारे?"

मी लगेच 'नाही' म्हणाले, असं सांगितलं तर तेही खोटं होईल. मला ते फार आवडलं. थेट मास्तरांना पाठवता आली असती, पण ते टेप ग्रुपवर टाकताना 'कोणाकडची' ते लिहिणारच. शिवाय ती आधी टाचणीने ऐकायला हवी होती. एवढं तरी.

रविवारभर मी ते वाक्य घोकलं. 'नवऱ्याने जोडली. नवऱ्याने जोडली.' भुंगा मागून त्याला चाल लावून गात होती.

*

टाचणीचं चष्म्यांचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर आहे. सोमवारी तीन वाजता भुंगा आणि मी गेलो तेव्हा ती काउंटरमागे बसून एका फ्रेमच्या दांडीत स्क्रू बसवत होती. डोळ्याला घड्याळजीसारखं भिंग. आता ती काडी राहिलेली नाही, पण जीभ तीच आहे.

"या, उशाबाई! आज वाट चुकलात की नंबर वाढला? आणि ही कोण? हा भुंगा? केवढी झाली! तुला चष्मा हवाय?"

"मला दिसतं," भुंगा म्हणाली.

"सगळे तसंच म्हणतात. त्या आरशासमोरच्या फ्रेमा आहेत ना, त्यांत काचा नाहीत. घाल हव्या तेवढ्या."

भुंगा तिकडे पळाली. मी पिशवीतून कॅसेट काढून काउंटरवर ठेवली, स्क्रूच्या डबीशेजारी. मास्तरांचं बारीक अक्षर, निळी शाई, खाली 'लेक २'.

टाचणीने डोळ्यावरचं भिंग वर केलं. उठून उभी राहिली. पुन्हा बसली.

"ही?"

"हं."

"ही तर खाल्ली होती ना?"

"नवऱ्याने जोडली," मी म्हणाले. "लिफ्टचं काम करतो ना, हात चालतो त्याचा."

"अगं, मग फोनवर सांगायचंस की! मी दुकान टाकून आले असते!" तिने कॅसेट दोन्ही हातांत घेतली, पिलू घ्यावं तशी. "भाऊजींना मेडल द्या कोणीतरी. कुठे तुटली होती?"

"मध्ये कुठेतरी."

"बघू दे. जोड कसा बसलाय बघते. नीट नसेल तर मास्तरांना सांगायला हवं, नाहीतर त्यांच्या मशीनमध्ये परत तुटायची."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नवऱ्याच्याही नाही, तो बिचारा आमच्यातला नाही. पण मी तर होते. मशीनने खाल्लेली टेप कशी दिसते हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तिला सुरकुत्या पडतात, आणि पुन्हा गुंडाळली तरी रिळाची कड सरळ राहत नाही, घाईत गुंडाळलेल्या कापडासारखी वर-खाली होते. ओल्या सिमेंटच्या माणसाने ही चूक करावी? टाचणीने भिंग डोळ्यावर ओढलं, दिवा जवळ घेतला आणि कॅसेट उजेडात धरून तिच्यावरच्या छोट्या खिडकीतून रीळ बघायला लागली. मग ड्रॉवरमधून पेन्सिल काढली आणि गुंडाळायला सुरुवात केली. थोडं गुंडाळायची, बघायची. थोडं गुंडाळायची, बघायची.

तेवढ्यात एक आजोबा आले. चष्मा नाकावरून घसरतो अशी तक्रार. तिने पेन्सिल तशीच कॅसेटमध्ये ठेवली, त्यांची दांडी जरा तापवून वाकवली, कानामागे बोट घालून पाहिलं. "आता मान हलवा, आजोबा. जोरात. नाही म्हणा मला."

"नाही, नाही," आजोबांनी मान हलवली.

"झालं. आता घरी जाऊन आजींना असंच म्हणा."

आजोबा हसत गेले. ती मात्र हसत नव्हती. परत येऊन तिने पेन्सिल हातात घेतली आणि पार शेवटापर्यंत गुंडाळलं. मी काउंटरची कड धरून उभी होते. आरशासमोर भुंगा मोठ्या काळ्या फ्रेममधून स्वतःला वेडावत होती.

"अख्खं रीळ आरशासारखं आहे," टाचणी शेवटी म्हणाली. "एक सुरकुती नाही. जोड नाही." तिने भिंग काढून ठेवलं. "हिला मशीनने दातसुद्धा लावलेला नाही, उशे."

पुढचं घोकलेलं काही माझ्याकडे नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "खाल्लीच नव्हती. माझ्याकडेच होती. कपाटात."

"कधीपासून?"

"तू कोरी कॅसेट घेऊन आलीस ना, तेव्हापासून."

तिने कॅसेटमधली पेन्सिल काढून ठेवली. चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या टोचण्याची मला सवय आहे, मी त्याच्यासाठीच उशी आहे. पण ती टोचलीच नाही.

"मी तुला मे महिन्याची दिली होती," ती म्हणाली.

"हो."

"माझी स्वतःची."

"हो. आहे माझ्याकडे. तीही आणलीय."

"ती कशाला आणलीस? दिलेली वस्तू परत घेऊ?" तिने डबीतला एक स्क्रू उचलला, पाहिला, परत ठेवला. "आई दवाखान्यात होती तेव्हा मी बाकावर बसून विचार करायचे, उशी ऐकतेय ना, मग काय, झालंच. म्हणजे मी ऐकल्यासारखंच आहे. एवढं..." ती थांबली. "यंत्र आणलंयस?"

मी वॉकमन पुढे केला. हेडफोनच्या तारेचा एक कान मी सवयीने हातात धरला होता, तो खाली ठेवला. तिने दोन्ही कान लावले. मी गाणं शोधून दिलं. कुठे आहे ते मला बरोबर माहीत होतं. ती डोळे मिटून बसली. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त तारेतून झिरपणारी बारीक खसखस. पण तिचं डावं बोट काउंटरवर हलत होतं आणि त्यावरून मला कळत होतं आता बास कुठे आहे, आता कुठे पोचला. साडेचार मिनिटं. तिच्या पापण्यांच्या कडा ओल्या झाल्या, तिने त्या पुसल्या नाहीत.

मग तिने कान काढले.

"चाल वेगळी आहे गं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू गायचीस ती ही नव्हे. हे वर चढतं आणि तिथेच थांबतं. तसंच लोंबकळत ठेवलंय त्यांनी. तू ते खाली आणायचीस. शेवटी हळूच खाली उतरवायचीस. मी दोन्ही पोरांना तेच म्हणून झोपवलं. अठरा वर्षं मी ओल्या सिमेंटचं म्हणून तुझं गाणं गातेय."

मला खरंच माहीत नव्हतं. भुंग्यालाही मी तसंच गाते, खाली उतरवून. कधी उतरायला लागलं कोण जाणे.

"आणि हे जास्त चांगलं आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "हे कितीतरी जास्त चांगलं आहे, उशे. मला तेव्हा हवं होतं हे. तेव्हा. आता मी काय करू याचं? आता मला हे नुसतं आवडेल."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो मागे घेतला नाही, पण माझाही धरला नाही. काउंटरवर आमचे दोघींचे हात नुसते शेजारी शेजारी पडून राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मास्तरांना मी पाठवते. कोणाकडची ते तू लिही. काय लिहायचं ते तूच ठरव." आणि समोरच्या फ्रेमचा स्क्रू पुन्हा बसवायला घेतला. का केलंस, हे तिने विचारलं नाही. मला वाटतं ती मुद्दामच विचारत नव्हती. उत्तर आलं असतं तर तिला मला माफ तरी करावं लागलं असतं, नाहीतर सोडून तरी द्यावं लागलं असतं.

भुंगा केव्हा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती, कळलं नाही. नाकावर तीन फ्रेमा एकावर एक. तिने आधी टाचणीकडे पाहिलं, तिच्या ओल्या डोळ्यांकडे, मग कॅसेटकडे, मग माझ्याकडे.

"आई, ही मावशी तुझी सगळ्यात आवडती मैत्रीण होती?"

"आहे," मी म्हणाले.

टाचणीचा स्क्रू फिरायचा थांबला. तिने मान वर केली नाही.

"मग तिला का नाही दिलंस?"